क्षारपड रान कोळंबीच्या तळ्याला देण्यापूर्वी काय तपासावे

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ, पंढरपूर, माढा आणि माळशिरस या तालुक्यांत कालव्याखालच्या सखल रानांतून मार्चमध्ये फिरले, तर उसाच्या तुटक ओळींमध्ये जमिनीवर पांढरा पापुद्रा आलेला दिसतो. पायाखाली तो कुरकुरतो, आणि बोटाने उचलून जिभेला लावला तर खारट-कडवट लागतो. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, पुढे कालव्याचे पाणी शिवारात खेळू लागले. मात्र पाणी देण्याची जेवढी सोय झाली, तेवढी ते काढून देण्याची झाली नाही. अशा क्षारपड रानाच्या मालकाकडे अलीकडे एक नवा प्रस्ताव येऊ लागला आहे: जमीन खारी झालीच आहे, तर तिच्यात कोळंबीचे तळे करावे किंवा ती कोणाला तरी तळ्यासाठी पाच-दहा वर्षांच्या कराराने द्यावी. वरवर पाहता यात तोट्याचे काही दिसत नाही. हरियाणा, पंजाब आणि राजस्थानातील खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर कोळंबी वाढवली जाते, हेही खरे आहे. तरीही होकार देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात, हे येथे सांगितले आहे. हा क्रम मोडू नये, कारण पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेक प्रस्ताव निकाली निघतात.

त्याआधी किनाऱ्यावर काय घडले, ते थोडक्यात पाहावे. कोकणातल्या खारभूमीत, म्हणजे भरतीचे पाणी चढणाऱ्या सखल जमिनीत, शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून भरतीचे पाणी भातखाचराबाहेर ठेवले. त्या बांधांच्या देखभालीसाठी राज्यात 1979 चा स्वतंत्र खारजमीन विकास कायदा आहे. कोळंबीच्या तळ्याने हीच रीत उलटी केली: जे पाणी बाहेर ठेवायचे, तेच आत घेऊन चार महिने साठवायचे. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर 1990 नंतर हे झपाट्याने वाढले. बांगलादेशातल्या खुलना-सातखिरा भागात तर भातशेतीसाठी घातलेले बांध फोडून खारे पाणी आत घेण्यात आले. या प्रसाराची चाल ओळखण्यासारखी आहे. पहिला शेतकरी नफ्यासाठी तळे करतो. त्याच्या तळ्यातले पाणी बांधाखालून शेजारच्या खाचरात पाझरते आणि दोन-तीन हंगामांत शेजाऱ्याचे भात पिवळे पडते. मग तो शेजारीही आपले रान तळ्याला देतो. पण त्याने देण्यामागे नफा नसतो, नाइलाज असतो. तिसऱ्याची विहीर खारट होते. अशा रीतीने जमीन एकेका करारानेच, कोणी जबरदस्ती न करता, शेतीतून निघून जाते.

सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1996 रोजी निकाल दिला. शेतजमीन, मिठागरे, कांदळवन, पाणथळ जागा आणि गावाच्या सामाईक जमिनी यांचे कोळंबीच्या तळ्यांत रूपांतर करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुढे 2005 मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. तळे आणि जवळची शेतजमीन यांच्यात मातीच्या प्रकारानुसार 50 ते 100 मीटर अंतर राखावे, असे त्याखालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हा कायदा किनारी भागापुरताच आहे. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याला त्याच्या अटींचा जाच नाही, तसे त्याचे संरक्षणही नाही. शेजाऱ्याने धुऱ्याला, म्हणजे दोन रानांमधल्या बांधाला, लागून खाऱ्या पाण्याचे तळे केले, तर 50 मीटरांचा नियम दाखवायला येथे जागा नाही. जी काळजी घ्यायची ती करारात आणि ग्रामसभेतच घ्यावी लागते.

पहिली तपासणी: रान खरोखर गेले आहे का

पुष्कळदा रान गेलेले नसते, फक्त कंटाळा आलेला असतो. मातीचा एकच नमुना वरवर खरवडून नेण्याऐवजी 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावेत, आणि तेही रानाच्या निदान चार ठिकाणांहून. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात देताना सामू (पीएच), विद्युत वाहकता (ईसी) आणि विनिमययोग्य सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचे, प्रमाण या तिन्ही गोष्टी मागाव्यात. नेहमीच्या अहवालात तिसरी गोष्ट नसते, आणि खरी मेख तिथेच असते. विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. ती निचरा करून, पाण्याने धुऊन सुधारते. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल, तर ती चोपण. तिला जिप्सम, चुनखडीयुक्त असल्यास गंधक, धैंचा हे हिरवळीचे खत आणि त्यानंतर निचरा, असा लांबचा उपाय लागतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 4 हा आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा आहे. आपल्याकडील बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणात वाहकता मोजतात. त्या पद्धतीत आकडा बराच कमी येतो. अहवालात 1.8 दिसले म्हणून जमीन चांगली असे समजू नये. मोजणीची पद्धत आधी विचारावी.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात बॅटरीचे पाणी (बॅटरीतले आम्ल नव्हे, तिच्यात भर घालायला दुकानात मिळते ते शुद्ध पाणी) घ्यावे आणि त्यात 60 सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचे हरभऱ्याएवढे सुके ढेकूळ अलगद सोडावे. पेला हलवू नये. अर्ध्या तासाने ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरू लागले, तर ती माती सोडियममुळे विखुरणारी आहे. ढेकूळ नुसते ढासळले आणि पाणी नितळ राहिले, तर धोका कमी समजावा; मात्र मातीत क्षार फार असले तरीही पाणी नितळच राहते, म्हणून ही परीक्षा प्रयोगशाळेला पर्याय नाही. तिचा उपयोग दुहेरी आहे. जी माती पेल्यात दूध होते, तिचा बांध पाण्याला टिकत नाही. आतून बारीक नळ्या पडून तो एका रात्रीत फुटतो. ज्या चोपण रानात पीक येत नाही म्हणून तळे सुचवले जाते, तेच रान तळ्याच्या बांधालाही सर्वांत अयोग्य असते, ही गोष्ट तळ्याचा प्रस्ताव घेऊन येणारा सहसा सांगत नाही. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा देते. दोन पिकांच्या मधे तळे महिनाभर वाळवावे लागते, आणि त्या भेगांतून पुढच्या भरणीचे खारे पाणी थेट खाली उतरते.

भूमिगत निचऱ्याचा, म्हणजे सच्छिद्र पाइप जमिनीखाली गाडून पाणी बाहेर काढण्याचा खर्चही याच वेळी काढून ठेवावा. तो एकट्याने केला तर महाग पडतो आणि पाणी सोडायला ओढा किंवा चर लागतो. सात-आठ शेजाऱ्यांनी मिळून केला तर आवाक्यात येतो. तळ्याची तुलना पडीक रानाशी करू नये. ती या सुधारलेल्या रानाशी करावी.

दुसरी तपासणी: पाणी, आणि मिठाचा हिशेब

बोअर वीस मिनिटे चालू ठेवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून नमुना घ्यावा. वाहकता, सामू आणि क्षारता यांच्यासोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि सल्फेट यांचे आकडे मागावेत. आपल्याकडे वाढवायला सांगितली जाते ती कोळंबी बहुधा व्हनामी असते. भारतात तिच्या व्यापारी संवर्धनाला 2009 पासून वाट मिळाली. ती लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून 45 ग्रॅमपर्यंत क्षार सोसते, समुद्राचे पाणी सुमारे 35 ग्रॅमचे असते, आणि तिची वाढ 10 ते 25 ग्रॅमच्या दरम्यान सर्वांत चांगली होते. ज्या बोअरला आपण खारे म्हणतो, ज्याने द्राक्षाची पाने करपतात, त्याचे पाणी समजा लिटरला 2 ग्रॅमचे निघाले. बागेला ते विष आहे आणि कोळंबीला ते जवळजवळ गोडे आहे. म्हणून प्रस्तावात कुठेतरी एक वाक्य येते की पाण्यात थोडे मीठ वाढवावे लागेल. या थोड्याचा हिशेब कागदावर मांडावा.

एक एकर पाण्याचा पसारा म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. सव्वा मीटर खोली धरली तर 5,000 घनमीटर, म्हणजे 50 लाख लिटर पाणी. लिटरमागे एक ग्रॅम म्हणजे या तळ्यात 5 टन मीठ. पाणी 5 ग्रॅमवर न्यायचे तर तळ्यात 25 टन क्षार झाले. त्यातले 10 टन बोअरने आणले आणि 15 टन ट्रकने आले. त्या एकराच्या वरच्या फूटभर मातीचे वजन दीड हजार टनांच्या आसपास भरते. 25 टन त्यात मुरले, तर मातीच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक मीठ झाले. अशा मातीत ज्वारी तर सोडाच, हरळीही उगवणार नाही.

हिशेब येथे संपत नाही. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. तळ्यातून दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर रोज 32,000 लिटर भर घालावी लागते. 120 दिवसांच्या पिकात हे पाणी 38 लाख लिटर होते, म्हणजे तळे जवळजवळ दुसऱ्यांदा भरावे लागते. वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. 2 ग्रॅमच्या पाण्याने आणखी साडेसात टन क्षार वाढले. मे महिन्यात टँकरने पिण्याचे पाणी आणणाऱ्या गावात 38 लाख लिटर हा आकडा ग्रामसभेसमोर मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग ठराव मागावा.

पोटॅशियमचाही प्रश्न आहे. समुद्राच्या पाण्यात ते ठरावीक प्रमाणात असते, भूजलात बहुधा फारच थोडे. पाणी 5 ग्रॅमचे करायचे तर लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम पोटॅशियम हवे. ते नसेल, तर कोळंबी कात टाकल्यावर मान टाकते, आणि रोग समजून औषधांवर खर्च होतो. बोअरमध्ये ते नसल्यासारखेच असेल, तर वर हिशेब मांडलेल्या एकरभर तळ्याला पोटॅशच्या सुमारे दहा गोण्या लागतात. केवळ खडेमीठ ओतून समुद्र तयार होत नाही.

तिसरी तपासणी: पीक काढल्यावर पाणी कुठे जाणार

या एका प्रश्नाचे उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळाले पाहिजे. किनाऱ्यावर तळ्याचे पाणी खाडीत सोडतात. तेही निरुपद्रवी नसते, पण निदान खाऱ्यात खारे जाते. सोलापुरात ते ओढ्यात जाईल, ओढ्यातून सीना किंवा भीमेत जाईल, आणि वाटेत प्रत्येक विहिरीला शिवेल. प्रस्ताव घेऊन आलेल्या एका गृहस्थांचा कागद मी स्वतः पाहिला आहे. बीज (कोळंबीची पिल्ले), खाद्य, वीज, मजुरी, बर्फ, सगळे रकाने नीट भरलेले होते, दरही फार फुगवलेले नव्हते. पाणी सोडण्याचा रकानाच नव्हता. विचारल्यावर त्यांनी मान वळवून बांधापलीकडच्या चारीकडे पाहिले. ती चारी पुढे तीन घरांच्या विहिरींना पाणी देणारी होती.

पाण्यात क्षारांखेरीज आणखी काय असते, तेही मोजता येते. एकरी 3 टन कोळंबी काढायला सुमारे साडेचार टन खाद्य लागते. 35 टक्के प्रथिनांच्या या खाद्यात अडीचशे किलो नत्र असते, आणि त्यातला फार तर पाव ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेले सुमारे पावणेदोनशे किलो नत्र पाण्यात आणि तळाच्या काळ्या गाळात राहते. ते युरियाच्या आठ-नऊ गोण्यांएवढे झाले. हा गाळ खत म्हणून शेतात टाकावा, असे काही जण सुचवतात. त्यात मीठ आहे, म्हणून टाकू नये.

रोग आला तर प्रश्न अधिक अवघड होतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने 1994-95 मध्ये देशाच्या पूर्व किनाऱ्यावरची तळी ओस पाडली, आणि तो अजूनही गेलेला नाही. मर लागताच घाबरून पाणी सोडून देण्याची सर्वत्र सवय आहे. करारातच लिहून घ्यावे की मर लागल्यास पाणी क्लोरीनने निर्जंतुक करून ठरावीक दिवस बांधाच्या आतच ठेवले जाईल.

या तिन्ही तपासण्यांनंतरही विचार पुढे जात असेल, तर एकच पद्धत या जिल्ह्यात समर्थनीय वाटते: अर्ध्या एकरापेक्षा लहान तळे, द्राक्षाच्या शेततळ्याला वापरतात तसे जाड प्लास्टिकचे अस्तर, बाहेर पाण्याचा थेंबही न सोडता तेच पाणी शेजारच्या अस्तर लावलेल्या साठवण तळ्यात निवळून पुढच्या पिकाला वापरणे, आणि बांधाच्या बाहेर पाझर दिसावा म्हणून चारही बाजूंना चर. अस्तर फाटते. आमच्या द्राक्षबागेच्या शेततळ्याचे अस्तर एका कुत्र्याच्या नखांनी फाटले आणि पाणी आठ दिवसांत निम्म्यावर आले. ते गोडे पाणी होते म्हणून केवळ हळहळ वाटली.

वीज, बीज आणि बाजार

याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण हे आकडे विचारले की मिळतात. 3 टन कोळंबीला सहा ते आठ अश्वशक्तीचे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे लागतात, आणि विशेषतः मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ते अखंड चालावे लागतात. पाण्यातला प्राणवायू त्याच वेळी सर्वांत कमी असतो. शेतीची वीज आठ तासांची असते. म्हणून जनरेटर आणि त्याचे डिझेल पहिल्या दिवसापासून खर्चात धरावे. बीज किनाऱ्यावरच्या बीजोत्पादन केंद्रातून येते आणि ते कमी क्षारांच्या पाण्याला सावकाश सरावावे लागते. माल पुन्हा किनाऱ्याकडेच बर्फात जातो. भारतीय कोळंबीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक अमेरिका. तिने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा तळ्यावरचा भाव कसा हलतो हे आंध्रच्या शेतकऱ्यांनी अनुभवले. आंध्रातल्या भीमावरम किंवा नेल्लोरकडे जाऊन तळी प्रत्यक्ष पाहावीत, आणि सोबत तेलुगू जाणणारा माणूस न्यावा. सोलापूर शहरात तो पूर्व भागात कुठल्याही गल्लीत मिळेल. तळेमालकाशी बोलणे झाल्यावर तळ्याला लागून ज्याचे भात आहे त्याच्याशी बोलावे, आणि तेही मालक जवळ नसताना.

करार करायचाच असेल तर

जमीन स्वतः न कसता कराराने देणाऱ्याचे नुकसान बहुधा मुदत संपल्यावर कळते. करार नोंदणीकृतच असावा. कुळाचा हक्क पुढे येणार नाही, याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी आणि सातबाऱ्यावरील नोंदी दर वर्षी पाहाव्यात. वर सांगितलेले तीन थरांचे माती अहवाल आणि पाण्याचा अहवाल कराराला जोडावेत, म्हणजे जमीन कोणत्या स्थितीत दिली याचा पुरावा राहील. मुदतीअखेर त्याच ठिकाणी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने पुन्हा तपासणी होईल आणि फरक पडल्यास सुधारणेचा खर्च घेणारा देईल, हे कलम घालावे. हे कलम वाचून समोरचा माणूस उठून गेला, तर आपले उत्तर मिळाले असे समजावे. सुधारणेच्या खर्चाएवढी अनामत आधीच बँकेत ठेवून घ्यावी. मुदत संपल्यावर मागितलेले पैसे कोण देतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शेतजमिनीच्या वापरातील बदल, कालव्याचे पाणी आणि बोअर यांविषयी तहसील, पाटबंधारे आणि भूजल सर्वेक्षण या कार्यालयांकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकारावर एक ट्रक माती उचलू नये.

शेजारच्या रानात तळे होत असेल, तर

यात आपला होकार कोणी विचारत नाही, म्हणून येथे नोंदीच उपयोगी पडतात. विद्युत वाहकता मोजणारे पेनाएवढे यंत्र स्वस्तात मिळते. धुऱ्यापासून शंभर मीटरच्या आतल्या सर्व विहिरी आणि बोअर यांचे पाणी दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजावे आणि वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी व आकडा लिहावा. पावसाळ्यात आकडा उतरतो, उन्हाळ्यात चढतो, आणि हा चढ-उतार नेहमीचाच असतो. एका उन्हाळ्यापेक्षा दुसऱ्या उन्हाळ्याचा आकडा चढला, तर दखल घ्यावी. वर्षातून दोनदा तेच नमुने सरकारी प्रयोगशाळेत देऊन शिक्क्याचा अहवाल घ्यावा, कारण तक्रारीच्या वेळी पेनचा आकडा कोणी मानत नाही, शिक्क्याचा मानतात. धुऱ्यालगतच्या पिकाचे फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढावेत. तक्रार ग्रामपंचायत, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिघांकडे एकाच दिवशी द्यावी आणि पोच घ्यावी. वहीतली पहिली नोंद मात्र तळ्यात पाणी भरण्याच्या आधीची असली पाहिजे. जेसीबी रानात उतरलेला दिसला, त्याच दिवशी विहिरीवर जाऊन ती करावी.